चोरबाजारातली एक खरेदी

मैत्रिणींनो, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी. दोन दिवाळ्यांपूर्वी साफसफाई करताना मी आमच्या माळ्यावरचा जुना टेपरेकॉर्डर भंगारवाल्याला देऊन टाकला. कॅसेटचा नव्हे हं! त्याच्याही आधीचा, वर दोन चकत्या गरगर फिरतात तो, स्पूलचा. राखाडी झाकणाची ती जड पेटी मी लग्न होऊन आले तेव्हापासून माळ्यावरच पाहत होते. कधी कुणी ती खाली काढली नाही, की कधी तिचा विषय काढला नाही. पाली मात्र तिच्यामागे सुखानं नांदत होत्या. काट्यावर साडेदहा किलो भरली. २६० रुपये हातात आले. त्यात थोडी भर घालून मी डाळींसाठी चार काचेच्या बरण्या आणल्या आणि 'कशी छान जागा झाली!' म्हणून स्वतःवरच खूष झाले.

सासूबाई त्या वेळी देवळात गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी एकदा माळ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं झालं, जागा झाली." बस्स, एवढंच. मला वाटलं, त्यांनाही बरंच वाटलं असेल.

मग गेल्या वर्षी गोधड्यांना ऊन द्यायचं म्हणून त्यांची ट्रंक उघडली, तर तळाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात टेपची चार रिळं. एकावर नुसतं 'रेडिओ' लिहिलेलं, दोनांवर काहीच नाही आणि चौथ्याच्या खोक्यावर माझ्या सासऱ्यांच्या वळणदार अक्षरात – 'अक्कांचा आवाज. बारसे. मे १९७३.'

अक्का म्हणजे सासूबाईंच्या आई. माझ्या नणंदेच्या बारशाला त्या नाशिकला आल्या होत्या. सासऱ्यांचे थोरले भाऊ जर्मनीला नोकरीला होते, त्यांनी आणलेल्या यंत्रावर सासऱ्यांनी तो सगळा समारंभ टेप केला. पुढच्याच वर्षी अक्का गेल्या.

मी रीळ हातात धरून उभी. सासूबाई म्हणाल्या, "ठेव ते परत. अक्काचा चेहरा फोटोत आहे गं. आवाज मात्र आता किती आठवला तरी आठवत नाही." आणि गोधडीच्या घड्या घालायला लागल्या.

मैत्रिणींनो, त्या दिवशी संध्याकाळी डाळीच्या बरण्यांकडे माझ्यानं बघवेना. आवाज घरात होता, पण तो ऐकायचं यंत्र मी किलोवर विकून बसले होते.

आमच्या ह्यांना सांगितलं, तर आधी हसले. "म्हणजे तू भंगार विकलंस आणि आता भंगार विकत आणणार!" मग म्हणाले, "मुंबई-पुण्याला जुन्या टेपांची नक्कल करून देणारी माणसं आहेत, त्यांच्याकडे पाठवू." खरं म्हणजे तेच शहाणपणाचं. तुमच्या घरी असं एखाद-दुसरंच रीळ असेल तर तुम्हीही तेच करा, यंत्राच्या नादी लागू नका. पण सासूबाई ऐकेनात. "रिळं घराबाहेर जायची नाहीत," एवढंच त्या म्हणत राहिल्या. का, ते सांगेनात. फार मिनतवारीनं 'रेडिओ' लिहिलेलं एक रीळ त्यांनी मला बाहेर न्यायला दिलं. मग यंत्रच घरी आणायचं ठरलं.

स्पूलचे टेपरेकॉर्डर आता दुकानात नवे मिळत नाहीत. जे मिळतात ते कुणाच्या तरी माळ्यावरून निघालेले. ते मिळण्याचं आपल्याकडचं जुनं ठिकाण म्हणजे मुंबईचा चोरबाजार. आमच्या शाळेला संमेलनानंतर एक दिवस सुट्टी असते, ती गाठून मी जायचं ठरवलं. वार गुरुवार निवडला, तोही विचारून. कारण शुक्रवारी तिथली मुख्य दुकानं बंद असतात. त्या दिवशी रस्त्यावर फेरीवाल्यांचा जुम्मा बाजार भरतो आणि पाय ठेवायला जागा नसते.

नाशिकरोडहून सकाळची पंचवटी धरली. डोंबिवलीच्या आमच्या वन्सं, म्हणजे ज्यांचं ते बारसं, त्या मला सीएसएमटीला भेटल्या. वन्संना आता पन्नाशी उलटून गेलीय, पण या खटाटोपाबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. "आईला इतकी वर्षं नाही आठवण झाली आणि तुला कुठून झाली?" असं म्हणतच त्या लोकलमध्ये चढल्या. मशीद सोडलं की पुढचं सँडहर्स्ट रोड. हे मोठं गमतीचं स्टेशन आहे. मेन लाइनचे फलाट खाली आणि हार्बरच्या गाड्या आपल्या डोक्यावरून जातात. तिथून पश्चिमेला बाहेर पडून जे. जे. च्या उड्डाणपुलाखालून पलीकडे गेलं की भेंडी बाजार. या भागातल्या कितीतरी जुन्या चाळी पाडून आता उंच इमारती उभ्या राहताहेत. त्यामुळे मान वर केली की नवी मुंबईच वाटते आणि खाली पाहिलं की हातगाड्या, अत्तराच्या बाटल्या आणि नानकटाईचा वास. दहा-पंधरा मिनिटं चाललं की मटन स्ट्रीट. हाच चोरबाजार.

नावाला घाबरू नका. पूर्वी इथल्या गोंगाटावरून याला 'शोर बाजार' म्हणत आणि साहेबाच्या तोंडी त्याचा 'चोर' झाला, असं सांगतात. खरंखोटं कोण जाणे. आम्ही दोघी पर्स पोटाशी धरून शिरलो खऱ्या, पण पाचच मिनिटांत ती भीती गेली आणि दुसरीच भावना आली. बायांनो, तो बाजार म्हणजे शेकडो घरांचे माळे एका गल्लीत उतरवलेले! पितळी बंब, गंज चढलेल्या शिलाई मशिनचे पाय, फुलांच्या चिनी मातीच्या बरण्या, बोटीवरचे दिवे, सिनेमांची जुनी पोस्टरं, लंबकाची घड्याळं, हंड्या-झुंबरं. एका दुकानात लग्नाचा फोटो टांगलेला, नऊवारीतली नवरी आणि पगडीतला नवरा. कुणाची कोण, कुणास ठाऊक! वन्सं त्या फोटोपुढे थबकल्या आणि नंतर बराच वेळ बोलल्याच नाहीत.

आता खरेदीचं सांगते. जाण्यापूर्वी आमच्या गल्लीतल्या जुन्या रेडिओ मेकॅनिककाकांकडे मी चांगले दोन तास शिकवणी लावली होती. शाळेत शिकवणारी मी, पण वहीत टिपून घ्यायची पाळी माझी आली. त्याचा इतका उपयोग झाला की तुम्हालाही सांगते.

त्यांनी आधी हे यंत्र काय आहे ते समजावलं. पाव इंच रुंदीची फीत, तिच्या एका अंगाला लोखंडाच्या संयुगाचा बारीक लेप. आवाजाची वीज होते, विजेचं चुंबक होतं आणि तो चुंबकी ठसा फितीवर उमटतो. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या फ्रिट्झ फ्लॉयमर नावाच्या गृहस्थांनी १९२८ मध्ये कागदी पट्टीवर लोखंडाची पूड चिकटवून हे पहिल्यांदा साधलं. त्याआधी ते सिगारेटच्या कागदावर सोनेरी पट्टी लावण्याचं काम करत, त्यातूनच ही कल्पना निघाली. १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात असं यंत्र लोकांपुढे आलं. पुढे १९६३ मध्ये फिलिप्सनं छोटी कॅसेट काढली आणि घराघरांतली ही मोठी यंत्रं हळूहळू माळ्यावर गेली. आमचंही त्यातलंच.

चोरबाजारात पहिलं यंत्र पाहिलं ते अमेरिकन. काय त्याचा रुबाब! चकचकीत, बटणं चांदीसारखी. वन्सं म्हणाल्या, "हेच घेऊन टाक." मी पाठीमागची पट्टी वाचली. ११७ व्होल्ट, ६० सायकल. आपल्याकडची वीज २३० व्होल्टची आणि ५० सायकलची. व्होल्ट कमी करायला ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण सायकल तो बदलत नाही. अशा बऱ्याच यंत्रांची मोटर सायकलींच्या हिशेबानं फिरते. ६० ची मोटर ५० वर लावली की वेग एक षष्ठांशानं कमी होतो. म्हणजे बाईचा आवाज पुरुषासारखा घोगरा ऐकू यायचा. अक्कांचा आवाज ऐकायला म्हणून आणायचं आणि भलताच आवाज ऐकायचा, हे कसलं? नमस्कार करून पुढे निघालो.

दुसरं जपानी. हे २२० वर चालणारं होतं. दुकानदारानं मोठ्या ऐटीत खटका दाबला, दोन्ही चकत्या फिरायला लागल्या. "देखो मॅडम, एकदम चालू!" किंमत २२ हजार. मैत्रिणींनो, हे पक्कं लक्षात ठेवा. चकत्या फिरणं म्हणजे यंत्र चालणं नव्हे. मिक्सरचं पातं फिरतं म्हणून चटणी वाटली जातेच असं नाही, तसंच हे. मी मोबाइलचा उजेड पाडून आतलं हेड पाहिलं. फीत ज्याच्या अंगाला घासून जाते तो हा धातूचा छोटा चकचकीत तुकडा. वर्षानुवर्षं घासून त्यावर खाच पडते. थोडीशी खाच चालते, पण नखाला ठेच लागावी इतकी खोल असेल तर हेड संपलं समजा आणि जुन्या यंत्राचं हेड मिळवणं सोपं नाही. याचं नख अडकेल इतकं घासलेलं होतं. "आवाज सुनाओ," म्हटलं तर "स्पीकर नहीं है" हे उत्तर. म्हटलं, राहू दे.

हेडची आणखी एक गोम सांगते. जुन्या साध्या यंत्रात फितीचा वरचा अर्धा भाग एका बाजूला आणि रीळ उलटं लावलं की उरलेला अर्धा दुसऱ्या बाजूला, असे दोन ट्रॅक असत. पुढच्या यंत्रांत चार आले. चार ट्रॅकची टेप दोन ट्रॅकच्या यंत्रावर लावली तर या बाजूच्या बोलण्यात त्या बाजूचं बोलणं उलटं होऊन मिसळतं, भुताटकी झाल्यासारखं! उलट, दोन ट्रॅकची टेप चार ट्रॅकवर बहुधा निभावून जाते. तेव्हा आपली टेप कोणत्या यंत्रावर केली होती याची घरातल्या मोठ्या माणसांकडे आधी चौकशी करा. वेगाचंही तसंच. घरगुती यंत्रांत सेकंदाला पावणेदोन इंचांच्या आसपास, पावणेचार इंच आणि साडेसात इंच असे वेग असतात. सात इंची रिळावर १२०० फूट फीत मावते, ती पावणेचारच्या वेगानं एका बाजूला ६४ मिनिटं चालते. आपल्या टेपचा वेग आणि रिळाचा आकार दोन्ही यंत्रात बसायला हवेत.

दोन वाजेपर्यंत पाय दुखायला लागले. एका इराण्याकडे मस्कापाव आणि चहा घेतला. वन्सं म्हणाल्या, "आता परत जाऊ या." मी म्हटलं, एक शेवटची गल्ली. आणि तिथंच ते दिसलं.

गल्लीच्या टोकाला एक अरुंद दुकान, आत सत्तरीचे चाचा रेडिओचं पोट उघडून बसलेले आणि त्यांच्या मागच्या फळीवर राखाडी झाकणाची पेटी. ग्रुंडिग. हुबेहूब आमची! माझ्या छातीत धडधडायला लागलं. आमच्या पेटीच्या झाकणाला डाव्या कोपऱ्यात सासऱ्यांनी टाचणीनं आपलं आडनाव कोरलेलं होतं. मी चाचांना झाकण उजेडात धरायला सांगितलं. कोपरा पुसला. पुन्हा पुसला. कोपरा कोरा होता.

कथेत असतं तर ती आमचीच निघाली असती. पण आमची केव्हाच कुठेतरी वितळली असणार. वन्संनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि इतका वेळ कुरकुरणाऱ्या त्याच मला म्हणाल्या, "आपली नसली तरी त्याच जातीची आहे ना? विचार."

चाचांनी यंत्र एकदम विजेला लावलं नाही, तेव्हाच माणूस जाणकार आहे हे मी ओळखलं. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या यंत्रातले कंडेन्सर खराब झालेले असतात. थेट प्लग लावला तर धूर निघून हातचं यंत्र जायचं, शॉक बसायची भीती वेगळीच. चाचांनी मधे एक बल्ब जोडला. याला सिरीज बल्ब म्हणतात. आत काही शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि यंत्र वाचतं. बल्ब क्षणभर उजळला, मंद झाला आणि थोड्या वेळानं पेटीतला हिरवा डोळा हळूच उघडला. जुन्या रेडिओतला तो 'मॅजिक आय' काहीजणींना आठवत असेल, तसाच.

मी आमचं 'रेडिओ'चं रीळ काढून दिलं. पाहा, हीसुद्धा एक महत्त्वाची गोष्ट. जीव की प्राण असलेली टेप परक्या यंत्रावर पहिल्यांदा कधीही लावू नका. गेली तरी चालेल अशी टेप न्या आणि कॅसेटसारखी मागची चकती मोडून टेप सुरक्षित करायची सोय रिळाला नसते, तेव्हा रेकॉर्डचं बटण कुठलं ते आधी विचारून त्यापासून बोट लांब ठेवा.

चकत्या फिरल्या. आवाज आला! पण कसा? गायक झोपेत गातोय असा, लांबलेला आणि हेलकावे खाणारा. वन्संचा चेहरा पडला. माझा मात्र खुलला, कारण काकांनी सांगितलं होतं – आवाज अजिबातच नसेल तर दुखणं खोल, आवाज हेलकावत असेल तर बहुधा रबराचं दुखणं. आतला रबरी पट्टा सैल पडतो, नाहीतर डांबरासारखा चिकट होतो. फितीला दाबून धरणारं रबरी चाक कडक होतं. ही दुखणी बरी होणारी असतात.

चाचांनी ९ हजार सांगितले. मी ५ म्हटलं. ते हसले. "बेटी, इसमें क्या सुनना है?" मी सांगितलं, आजेसासूबाईंचा आवाज, ५० वर्षांपूर्वीचा. चाचा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "लोग तो ये दिखाने के लिए ले जाते हैं, हॉटेल में, शोकेस में. सुनने वाला बहुत दिन बाद आया." साडेसहा हजारांवर सौदा ठरला, वर त्यांनी एक रिकामी चकती फुकट दिली. ती नसेल तर टेप गुंडाळायची कशावर? यंत्र घेताना मागून घ्याच.

ओझं टॅक्सीत घालून आम्ही लॅमिंग्टन रोडला, म्हणजे आताच्या डॉ. भडकमकर मार्गावर गेलो. विजेच्या सुट्या भागांचा हा मोठा बाजार. तिथं मापाचे रबरी पट्टे आणि हेड पुसायचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं आणि संध्याकाळच्या पंचवटीनं पेटी पायाशी ठेवून मी घरी आले. सासूबाई दारातच होत्या. त्यांनी पेटी पाहिली आणि काही न बोलता आत जाऊन पोहे टाकले.

काकांनी तीन आठवडे घेतले. कंडेन्सर बदलले, पट्टे घातले, रबरी चाक घासून मऊ केलं. त्यांचे २८०० झाले. म्हणजे हिशेब असा – विकून मिळाले २६०, परत आणायला लागले ९३००. प्रवासखर्च वेगळा. घरखर्चाच्या वहीत मी तो तसाच लिहून ठेवला आहे, दर दिवाळीला डोळ्यांसमोर असावा म्हणून.

तोवर मी रिळं तपासली. जुन्या फिती दोन-तीन जातींच्या असतात. ॲसिटेटची फीत असेल तर रीळ उजेडासमोर धरल्यावर उजेड आरपार दिसतो आणि फार बिघडली असेल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ती ठिसूळ असते, हिसका बसला की तुटते. पण तुटली तरी सरळ तुटते, नीट जोडता येते. जोडायला मात्र साधा सेलोटेप वापरू नका. त्याचा डिंक पाझरून बाजूचे वेढे चिकटतात. त्यासाठी खास स्प्लायसिंग टेप मिळते. पांढरी बुरशी दिसली तर रीळ यंत्रावर चढवूच नका, जाणकाराला दाखवा. ठेवताना रिळं उभी, कोरड्या जागी, स्पीकर आणि लोहचुंबकापासून दूर ठेवा. आमची रिळं ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या सोबतीनं इतकी वर्षं बरी राहिली होती.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर यंत्र लावलं. ह्यांनी मोबाइल जवळ ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. पहिल्याच वेळी नक्कल करून घ्यावी, फीत पुन्हा चालेल याची खात्री नसते. काकांनी यंत्रापासून कॉम्प्युटरला जोडायची वायरही करून दिली होती, चांगली नक्कल तिनंच होते. वन्संना व्हिडिओ कॉल लावला. सासूबाई खुर्ची जरा लांब घेऊन बसल्या.

आधी नुसती खरखर. मग सासऱ्यांचा आवाज, "हॅलो, हॅलो, वन टू थ्री." आमचे हे एकदम ताठ बसले. वडिलांचा तरुणपणीचा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. मग भांड्यांचा आवाज, स्टोव्हची घरघर, कुणीतरी पोरांना दटावतंय आणि त्या सगळ्यातून एक बाई लाजून म्हणतेय, "अगंबाई, यात कसली बोलू मी! बंद करा ते, जावईबापू."

सासूबाईंचा हात तोंडावर गेला.

अक्कांनी पाळणा म्हटला. आवाज फार गोड नव्हता, थोडा बसलेलाच होता. मधे खोकल्या, एका कडव्याची ओळ चुकली तेव्हा स्वतःच हसल्या आणि पुन्हा सुरुवात केली. मोबाइलमधून वन्सं म्हणाल्या, "अगं आई, ही तर माझ्यासारखीच बोलते!" आणि खरंच, तोच आवाज, तीच बोलायची ढब. चार मिनिटं झाली असतील. पाळण्याचं कडवं अर्ध्यावर होतं, तोच 'खट्' असा आवाज आला आणि एकदम रेडिओवरचं नाट्यगीत सुरू झालं. पुढे मिनिटामागून मिनिटं नाट्यगीतंच.

कुणी काही बोलेना. मग सासूबाईच म्हणाल्या, "ते मी केलं."

अक्का गेल्यानंतरच्या वर्षी सासऱ्यांनी त्यांना रेकॉर्ड करायला शिकवलं होतं. एका दुपारी घरात एकट्या असताना रेडिओवर आवडतं गाणं लागलं. यंत्रावर जे रीळ चढवलेलं होतं त्यावरच त्यांनी बटण दाबलं. ते कोणतं होतं हे खोकं हातात आल्यावर कळलं. "मला वाटलं, सगळंच पुसलं. ह्यांना सांगायची हिंमत झाली नाही. लावून बघायची तर त्याहून नाही. ती पेटी मीच माळ्यावर टाकायला लावली. तू ती दिलीस तेव्हा म्हटलं, बरं झालं, एकदाचा विषय संपला."

रिळं घराबाहेर का जाऊ देत नव्हत्या, ते तेव्हा मला उमगलं. परक्या माणसानं 'यात काही नाही' म्हणून सांगायला त्यांना नको होतं.

माझे डोळे भरून आले होते. तर त्या पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "तू पेटी विकलीस, मी पाळणा पुसला. फिटंफाट झाली. आता पहिल्यापासून लाव बघू." आम्ही ती चार मिनिटं सहा वेळा ऐकली. सहाव्या वेळी राहिलेलं कडवं सासूबाईंनी स्वतः म्हणून पुरं केलं. इतकी वर्षं आठवत नाही म्हणणाऱ्या सासूबाईंना आईच्या आवाजाबरोबर सगळे शब्दही आठवले.

मैत्रिणींनो, मोठ्या गवयांचे आवाज आकाशवाणीनं आणि रेकॉर्ड कंपन्यांनी जपले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि त्यांचे सहकारी गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे केवढं काम! पण तुमच्या-माझ्या घरातली अक्का तिथे कुठे सापडणार? तिला आपणच जपायला हवं आणि आता त्यासाठी चोरबाजारात जायचीही गरज नाही, खिशात मोबाइल आहे. सासूबाई कैरी किसताना बोलत असतात, आई फोनवर तेच तेच सांगत असते, ते एकदा टेप करून ठेवा आणि दोन ठिकाणी नक्कल ठेवा. बोटानं पुसणं आता तर आणखीनच सोपं झालं आहे.

पेटी आता माळ्यावर नाही, बैठकीच्या खोलीत आहे. तिला जागा करण्यासाठी त्या चार बरण्या मी स्वयंपाकघराच्या माळ्यावर टाकल्या. राहिलेली दोन बिननावाची रिळं अजून लावायची आहेत. वन्सं पुढच्या महिन्यात यायच्या आहेत. तोवर लावायची नाहीत, असं सासूबाईंनी बजावून ठेवलं आहे.